नॅनो-उत्प्रेरक : उसाच्या बगॅससाठी वापर

अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. त्याचे कण किंवा छिद्रे नॅनोमीटरच्या (मीटरच्या अब्जांशाच्या) मापाची असली की तो नॅनो-उत्प्रेरक. अभिक्रिया घडते पृष्ठभागावर, आणि धातूचा कण एका नॅनोमीटरपर्यंत बारीक केला की त्यातले बहुतेक अणू पृष्ठभागावरच असतात. एरवी निष्क्रिय असलेले सोने अशा बारीक रूपात शून्य अंशाखालीही कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण घडवते, हे जपानच्या मासाताके हारुता यांनी 1987 मध्ये दाखवले.

ढोकी (जि. धाराशिव) हे तेरणा साखर कारखान्याचे गाव. अशा ऊसपट्ट्याला या शास्त्राची खरी गरज बगॅससाठी, म्हणजे उसाच्या चोथ्यासाठी, आहे. टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस उरतो आणि बहुतांशी बॉयलरमध्ये जळतो. त्यात सेल्युलोज व हेमिसेल्युलोजच्या रूपाने भरपूर साखर अडकलेली असते. गंधकाम्लाने ती सुटते खरी, पण आम्ल यंत्रे खाते आणि शेवटी ते चुन्याने मारावे लागते.

गंधकाम्लाऐवजी घन उत्प्रेरक शोधण्यात एक मराठी नाव ठळक आहे. परेश ढेपे यांनी जपानमध्ये अत्सुशी फुकुओका यांच्यासोबत 2006 मध्ये अॅल्युमिनावरील प्लॅटिनमच्या साहाय्याने, 190 अंश सेल्सिअसच्या पाण्यात आणि हायड्रोजनच्या दाबाखाली, सेल्युलोजपासून सॉर्बिटॉल हे शर्करा-अल्कोहोल मिळवले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यांनी सहकाऱ्यांसह बगॅस, भाताचे तूस व गव्हाचे काड यांतल्या हेमिसेल्युलोजवर जिओलाइट (नॅनो-छिद्रांचे घन आम्ल) वापरून पाच कार्बनच्या शर्करा आणि फरफ्युरल हे रसायन मिळवले. हे काम 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे तापमान 170 अंश होते.

बगॅसचा तंतू जिओलाइटच्या पाऊण नॅनोमीटरच्या छिद्रात शिरत नाही. आधी गरम पाण्यात हेमिसेल्युलोजची लांब साखळी तुटून विरघळते. मग तिचे तुकडे उत्प्रेरकाच्या आम्लजागांवर येऊन सुट्या शर्करा बनतात. काही शर्करांतून पाणी निघून जाते आणि फरफ्युरल तयार होते.

कारखान्याच्या दृष्टीने पहिल्या फेरीच्या उताऱ्यापेक्षा उत्प्रेरकाचा टिकाऊपणा मोलाचा. उष्णतेने धातूचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, आणि गरम पाण्यात जिओलाइटची चौकटही ढासळते. उत्प्रेरकावर साचलेला कोळसा हवेत जाळून काढता येतो. बगॅसमधले पोटॅशियम मात्र आम्लजागा अडवते आणि जाळून निघत नाही. म्हणून बगॅस आधी धुऊन घेणे श्रेयस्कर.