शशिकला : नर्तनाकडून चरित्रभूमिकेकडे

नायिकेचें सिंहासन हातीं न येतां नटीचें जीवित सफल होतें काय? बोलपटांच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास सोलापूरच्या शशिकला जवळकर यांचें चरित्र डोळ्यांपुढें उभें राहतें.

त्यांचा जन्म ४ ऑगस्ट १९३२ चा. वयाच्या पांचव्या वर्षींच ही मुलगी सोलापूर जिल्ह्यांतील रंगमंचांवर नाचूं-गाऊं लागली. तेव्हां घर संपन्न होतें. नर्तन ही केवळ हौस होती. पुढें वडिलांचा व्यापार बुडाला, कुटुंब मुंबईस आलें, आणि हौसेची जागा पोटाच्या गरजेनें घेतली. कामाच्या शोधांत स्टुडिओंचे उंबरठे झिजवीत असतां नूरजहान यांची दृष्टि तिच्यावर पडली. त्यांचे पति शौकत हुसेन रिझवी यांच्या १९४५ सालच्या ‘झीनत’ या बोलपटांतील कव्वालींत तिला स्थान मिळालें. मेहनताना २५ रुपये! परंतु १९४७ सालीं हें दांपत्य पाकिस्तानांत गेलें आणि तो आधार तुटला.

त्यानंतरचीं वर्षें लहानमोठ्या कामांत गेलीं. नायिकेची भूमिका क्वचितच लाभली. १९५३ सालीं व्ही. शांताराम यांच्या ‘तीन बत्ती चार रास्ता’मध्यें व १९५९ सालीं बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’मध्यें त्या चमकल्या. मात्र खरी कीर्ति आली ती दुष्ट भूमिकांनीं. ‘आरती’ (१९६२) व ‘गुमराह’ (१९६३) या दोन्ही चित्रपटांसाठीं त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचें फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. ‘गुमराह’मध्यें गुपित हातीं धरून विवाहित स्त्रीला छळणारी लीला त्यांनीं रंगविली.

प्रेक्षकांचा तिरस्कार ओढवून घेणें हेंच अशा भूमिकेचें यश. आणि हीच तिची शिक्षाहि. एकदां कपाळीं खलनायिकेचा शिक्का बसला कीं तो सहजासहजीं पुसला जात नाहीं. तथापि १९६६ सालीं हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनुपमा’मध्यें त्याच शशिकला खेळकर, निर्मळ मैत्रीण होऊन आल्या. मान वेळावणें, भुंवई उंचावणें, पाऊल नेमकें थबकविणें, हीं नर्तकीचीं साधनें. तींच एकीकडे कपट दाखवीत, तर दुसरीकडे उल्हास.

पुढें कांहीं काळ हा व्यवसाय सोडून त्या कलकत्त्यास मदर तेरेसा यांच्या सेवाकार्यांत रमल्या. परतल्यावर चित्रपटांत व दूरदर्शन-मालिकांत वडीलधाऱ्या स्त्रियांच्या भूमिका केल्या. २००७ सालीं त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली. ४ एप्रिल २०२१ रोजीं मुंबईंत त्यांचें निधन झालें.

नर्तकांच्या मेळ्यांत एकटीनें पुढें सरसावणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच योग्य क्षणीं मागें सरणें. नायिकेला उजाळा यावा म्हणून स्वतः काळोख होणारी ही कलावती तें बाळपणींच शिकली होती. आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर तिच्या आयुष्यानेंच दिलें आहे.