अठरा अंशांची ज्या

घाटकोपर-मुलुंडवरून नाशिककडे जाणारी गाडी कसारा घाट चढून पुढे चाळीसगावला पोचते. तेथून जवळच, पाटणच्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चंगदेव याने काढलेल्या मठाला १२०७ च्या सुमारास दाने मिळाली, असे तो सांगतो.

भास्कराचार्यांनी वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, 'सिद्धांतशिरोमणी' रचला. त्यातील 'ज्योत्पत्ती'त एक नियम आहे. त्रिज्येच्या वर्गाची पाचपट करा, तिचे वर्गमूळ घ्या, त्यातून त्रिज्या वजा करा आणि चाराने भागा. झाली अठरा अंशांची ज्या! त्रिज्या १ धरली, तर हे उत्तर सुमारे ०.३०९ येते.

आज अंधेरी-बोरीवलीच्या कॉलेजातला विद्यार्थी हेच असे काढतो. अठराची दुप्पट छत्तीस, तिप्पट चोपन्न, बेरीज नव्वद. म्हणून छत्तीसची ज्या म्हणजेच चोपन्नची कोज्या. दोन्हींची सूत्रे मांडून अठराच्या कोज्येने भागले, की अठराच्या ज्येला 'य' म्हटल्यावर उरते ते साधे वर्गसमीकरण: ४य² + २य = १.

ते सोडवायची युक्ती श्रीधराचार्यांची. भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त त्यांच्या नावानिशी दिली आहे. दोन्ही बाजूंना सोळाने गुणा आणि चार मिळवा. डावीकडे (८य + २) चा वर्ग, उजवीकडे वीस. वर्गमूळ घ्या, की य मिळालाच.

पण वर्गमुळे दोन! दुसरे उत्तर येते उणे ०.८०९. 'बीजगणिता'तील एका उदाहरणात भास्कराचार्य म्हणतात, की उणे संख्या लोकांना पटत नाही, म्हणून दुसरे उत्तर घेऊ नये. मग इथेही सोडायचे? नाही! उणे चोपन्न अंशांची ज्या नेमकी तेवढीच आहे, आणि तो कोनही मूळ समीकरणात बसतो. आपण अठरा अंश शोधत होतो, म्हणून ते उत्तर बाजूला ठेवले, एवढेच. उलट एखाद्या उदाहरणात ज्येची किंमत दोन आली, तर ती अधिक असूनही टाकावीच लागते. कारण ज्या त्रिज्येहून मोठी होत नाही.

तेव्हा वाचकहो, उणे चिन्ह दिसताच उत्तरावर काट मारू नका. आधी त्याला विचारा: 'तू कोणत्या कोनाची ज्या?' जबाब मिळाला तर ठेवा. नाही मिळाला, तर खुशाल खोडा.