जपानी काष्ठमुद्रित युद्धचित्रें व राजसमारंभचित्रें : साधन या नात्यानें त्यांची पारख

अस्सल कागद कोणता व बनावट कोणता हें ओळखण्याचे नियम आपल्याकडील संशोधकांच्या आतां चांगले अंगवळणीं पडले आहेत. परंतु जो कागद बनावट नाहीं, ज्यावर तारीख, कर्त्याचें नांव व प्रकाशकाचा पत्ता हीं सर्व यथास्थित आहेत, आणि तरीहि ज्यांतील प्रसंग कर्त्यानें डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं, अशा कागदाचें वजन किती धरावें, हा प्रश्न निराळा व अधिक बिकट आहे. मेइजी काळांतील, म्हणजे इ. स. १८६८ पासून १९१२ पर्यंतच्या काळांतील, जपानी काष्ठमुद्रित चित्रें हें या प्रश्नाचें उत्तम उदाहरण होय. त्यांपैकीं युद्धाचीं व राजसमारंभाचीं चित्रें प्रस्तुत लेखाकरितां निवडलीं आहेत. बखर व पोवाडा यांस लावावयाची कसोटी कोणती, याविषयीं ज्यांनीं विचार केला आहे, त्यांस पुढील विवेचन परकें वाटणार नाहीं.

१. चित्राची घडण

काष्ठमुद्रित चित्र हें एका हाताचें काम नव्हे. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करून देई; कोरणारा तें उलटें करून चेरीच्या लांकडी फळीवर चिकटवी व रेषा तेवढ्या राखून बाकीचें लांकूड काढून टाकी; नंतर प्रत्येक रंगाकरितां निराळी फळी कोरली जाई; आणि छापणारा फळीवर रंग लावून, कागद ठेवून, पाठीमागून ‘बारेन’ नांवाच्या चकतीनें घोंटी. सर्व रंग आपापल्या जागीं बसावे म्हणून फळीच्या कडेस ‘केंतो’ नांवाच्या खुणा असत. या तिघांवर भांडवल घालणारा प्रकाशक हाच खरा धनी. विषय कोणता घ्यावा व चित्र केव्हां बाजारांत आणावें, हें तो ठरवी. युद्ध व समारंभ यांचीं बहुतेक चित्रें तीन पानें शेजारीं शेजारीं जोडून पाहावयाचीं असतात. प्रत्येक पान सुमारें १५ इंच उंच व १० इंच रुंद असतें.

मेइजी काळांतील पानें रंगावरूनहि ओळखतां येतात. युरोपांतून आलेले रासायनिक रंग, विशेषतः भडक तांबडा व जांभळा, यांचा उपयोग या काळांत सर्रास होऊं लागला. जुन्या वनस्पतिजन्य रंगांची सवय झालेल्या रसिकांस तो बटबटीत वाटतो. परंतु कालनिर्णय करणारास तोच उपयोगी पडतो.

२. समासांतील मजकूर

संशोधकानें प्रथम चित्राकडे न पाहतां त्याच्या समासाकडे पाहावें. तोकुगावा सरकारनें १७९० पासून चित्रांवर पसंतीचा शिक्का असण्याची सक्ती केली होती. मेइजी सरकारच्या अमदानींत, १८७५ च्या सुमारास, ही पद्धत मोडली व तिच्या जागीं तारीख, चित्रकाराचें नांव, प्रकाशकाचें नांव व दोघांचे पत्ते समासांत छापण्याचा प्रघात पडला. पुष्कळ पानांवर छापल्याची एक व प्रसिद्ध केल्याची दुसरी, अशा दोन तारखा सांपडतात. कोठें कोठें तारखेचा आंकडा मागाहून हातानें भरलेला किंवा तसाच रिकामा सोडलेला असतो. तेंहि टिपून ठेवावें.

तारीख मेइजी शकांतील असते. शकवर्षांत १८६७ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मेइजी २२ म्हणजे १८८९ व मेइजी २७ म्हणजे १८९४. आपल्याकडील जुलूस सनाप्रमाणें हा शक राजाच्या कारकीर्दीबरोबर चालतो. एक सावधगिरी मात्र अवश्य आहे. १८७२ च्या अखेरपर्यंत जपानांत जुनें चांद्रसौर पंचांग चालू होतें. मेइजी ५ च्या बाराव्या महिन्याचा तिसरा दिवस हाच मेइजी ६ चा, म्हणजे १८७३ चा, १ जानेवारी धरण्यांत आला. त्यापूर्वींचे महिने व दिवस सरळ इंग्रजी तारखा समजल्यास चूक होते.

३. पूर्वींचा मज्जाव

चालू युद्ध व प्रत्यक्ष सम्राट हे दोन्ही विषय तोकुगावा काळांत चित्रकारास वर्ज्य होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील सरदारांचीं चित्रें नांवनिशीवार काढणें हाहि गुन्हा होता. हिदेयोशीसंबंधीं चित्रें काढल्याबद्दल १८०४ सालीं सुप्रसिद्ध चित्रकार उतामारो यास हातांत बेड्या घालून शिक्षा झाली. त्यामुळें चालू राजकारण सांगावयाचें तर जुन्या नांवांच्या आडून सांगण्याची रीत पडली. १८६८ सालीं एदो शहरांत उएनो टेंकडीवर लढाई झाली, तेव्हां त्सुकिओका योशितोशी यानें जखमी योद्ध्यांची एक माला काढली. वरवर पाहतां तींत जुन्या काळचे वीर आहेत. परंतु तत्कालीन प्रेक्षकांस त्या रक्तांत उएनोचेंच रक्त दिसलें.

पुढें हीं बंधनें सैल झालीं. १८७७ च्या सात्सुमा बंडांत साइगो ताकामोरी याच्या नांवानें उघडपणें चित्रांचा पूर आला. त्याच सालीं मंगळ ग्रह पृथ्वीच्या फार जवळ आला असतां लोकांनीं त्या तेजस्वी ताऱ्यांत साइगो दिसतो असें मानलें, आणि प्रकाशकांनीं तेंहि छापून विकलें. हें चित्र साइगोच्या चरित्राचें साधन नव्हे. परंतु सरकारनें बंडखोर ठरविलेल्या पुरुषाविषयीं सामान्य जनांस काय वाटत होतें, याचें तें अव्वल दर्जाचें साधन आहे. साधन कशाचें, हा प्रश्न असा दर पानागणिक विचारावा लागतो.

४. राज्यघटनेचा समारंभ

राजसमारंभाच्या चित्रांत ११ फेब्रुवारी १८८९ च्या प्रसंगाचीं चित्रें सर्वांत महत्त्वाचीं. १८७३ सालीं जुना राजवाडा जळाला होता. त्या जागीं बांधलेला नवा वाडा १८८८ सालीं पुरा झाला. तेथील सिंहासनगृहांत सम्राटांनीं राज्यघटनेची प्रत पंतप्रधान कुरोदा कियोताका यांच्या हातीं दिली. आदाची गिंको याचें या प्रसंगाचें तीन पानी चित्र प्रसिद्ध आहे. सम्राट युरोपीय लष्करी पोषाखांत उंच आसनापुढें उभे, सम्राज्ञी पाश्चात्य वेषांत, समोर अधिकाऱ्यांच्या रांगा, असा एकंदर देखावा या समारंभाच्या चित्रांत आढळतो. योशू चिकानोबू यानेंहि या काळांतील दरबारी प्रसंग पुष्कळ रंगविले. समारंभानंतर सम्राट व सम्राज्ञी एकाच गाडींत बसून कवाइतीच्या पाहणीस गेलीं. या मिरवणुकीचीं चित्रेंहि निघालीं.

येथें दोन गोष्टी लक्षांत ठेवाव्या. पहिली अशी कीं, त्याच सकाळीं सम्राटांनीं वाड्यांतील देवस्थानांत प्राचीन वेष धारण करून पूर्वजांपुढें विधि केला होता. दिवसाचा हा पूर्वार्ध लोकांच्या दृष्टीआड झाला. लोकांच्या हातीं गेलेल्या चित्रांचा भर उत्तरार्धावर, म्हणजे गणवेष, गाडी व परदेशी वकील पाहावयास असलेल्या दरबारावर आहे. केवळ चित्रांवरून लिहिणारा इतिहासकार त्या दिवसाचें अर्धें रूपच सांगेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काष्ठचित्रकारास सिंहासनगृहांत जागा नव्हती. चित्र विकावयाचें तें समारंभाचा गाजावाजा ताजा असतांना. म्हणून फळ्या अगोदर कोराव्या लागत, व मजकूर पूर्वप्रसिद्ध कार्यक्रमावरून किंवा वृत्तपत्रांवरून घ्यावा लागे. एखाद्या पानावरील तारीख ११ फेब्रुवारीच्या आधींची असेल, तर तें पान घडलेल्या गोष्टीचें नसून घडावयाच्या गोष्टीचें चित्र आहे, हें उघड होय. आणखी एक कसोटी आहे. शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी समारंभास निघण्याच्या बेतांत असतां त्या सकाळींच त्यांच्यावर मारेकऱ्यानें वार केला व दुसरे दिवशीं ते वारले. ज्या चित्रांत त्यांचें नांव उपस्थितांमध्यें घातलेलें आढळेल, तें चित्र यादीवरून काढलें, दृष्टीवरून नव्हे, असें निश्चित समजावें.

५. चीन-जपान युद्धाचीं चित्रें

या कलेचा शेवटचा मोठा बहर १८९४-९५ च्या युद्धांत आला. कोरियांतील वर्चस्वावरून हें युद्ध पेटलें. २९ जुलै १८९४ रोजीं सोंगह्वान येथें, १५ सप्टेंबरला प्योंगयांग येथें व १७ सप्टेंबरला यालू नदीच्या मुखाजवळ समुद्रावर लढाया झाल्या. २१ नोव्हेंबरला पोर्ट आर्थर पडलें. फेब्रुवारी १८९५ मध्यें वेइहाइवेइ येथें चिनी आरमार शरण आलें. आणि १७ एप्रिलला शिमोनोसेकी येथें तह झाला. एवढ्या अवधींत सुमारें ३००० निरनिराळीं चित्रें निघालीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वृत्तपत्रांत छायाचित्रें छापण्याची सोय अद्यापि रूढ झाली नव्हती. तारेनें आलेली चार ओळींची बातमी डोळ्यांपुढें उभी करण्याचें काम या पानांनीं केलें.

कोबायाशी कियोचिका (१८४७-१९१५), मिझुनो तोशिकाता व मिगिता तोशिहिदे हे या चित्रकारांत प्रमुख. कियोचिका हा पूर्वीं तोकियोच्या रात्रीच्या देखाव्यांबद्दल नांवाजलेला. दिव्याचा प्रकाश, चांदणें व काळोख दाखविण्याची तीच हातोटी त्यानें तोफांचा धूर, जळतीं जहाजें व बर्फांतील पहारे यांकडे वळविली. त्याचीं या युद्धाचीं तीन पानी चित्रें सत्तराहून अधिक भरतात. पण तो रणांगणावर गेला नव्हता, व बहुतेक चित्रकारांची हीच गोष्ट होती. कुबोता बेइसेन हा एका वृत्तपत्राचा बातमीदार म्हणून सैन्याबरोबर गेला. त्याच्या युद्धरेखाटनांत पुष्कळदां लढाईपेक्षां वाटचाल, छावणी व थकवा अधिक दिसतात. पाहिलेलें व ऐकिलेलें यांतील भेद कळण्यास हीं दोन प्रकारचीं चित्रें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

सम्राट सप्टेंबर १८९४ मध्यें हिरोशिमा येथें मुख्य सेनाकचेरीसह जाऊन राहिले. तेव्हांपासून समारंभचित्र व युद्धचित्र हीं एक होतात. नकाशापुढें बसलेले सम्राट व भोंवतीं सेनापति, हा दरबारच होय. फक्त त्यास रणाची पार्श्वभूमि लाभली.

६. बिगुलवाल्याचें नांव

साधनचिकित्सेच्या दृष्टीनें या सर्व संग्रहांत सोंगह्वानच्या बिगुलवाल्याएवढा बोधप्रद विषय दुसरा नाहीं. गोळी लागूनहि एक शिपाई प्राण जाईपर्यंत बिगुल वाजवीत राहिला, ही बातमी देशांत पसरली. त्याचें नांव शिराकामी गेंजिरो असें सांगण्यांत आलें. चित्रें निघालीं, गाणीं झालीं. तोशिहिदेनेंहि हा विषय घेतला. परंतु पुढें अधिकृत चौकशींत तो शिपाई शिराकामी नसून किगुची कोहेइ होता, असें ठरलें. दोघेहि ओकायामा प्रांतांतीलच. सरकारी शालेय पुस्तकांतील नीतिपाठांत मुलांनीं नांव पाठ केलें तें किगुचीचें. छापून विकलेल्या चित्रांवर नांव राहिलें तें शिराकामीचें.

आतां एखाद्या संग्राहकाच्या हातीं शिराकामीचें पान आलें, तर त्यानें काय लिहावें? ‘चूक’ एवढेंच लिहून पान बाजूस सारणें योग्य नव्हे. तें पान १८९४ सालच्या समजुतीचा समकालीन पुरावा आहे, व नंतरच्या दुरुस्तीपूर्वींचा असल्यामुळेंच मोलाचें आहे. परंतु त्यावरून ‘शिराकामी बिगुल वाजवितां वाजवितां पडला’ असें विधान करणें हेंहि तितकेंच अयोग्य. शिवाय, नांव बदललें तरी कथा मात्र जशीच्या तशी राहिली, ही गोष्ट नजरेआड करूं नये. लोकांस जी वीरकथा हवी होती, तिच्यांत माणूस कोणता हा प्रश्न मागाहूनचा होता.

७. जें चित्रांत नाहीं

या पानांत जपानी शिपाई ताठ, काळ्या युरोपीय गणवेषांत व एका रांगेंत असतो. चिनी शिपाई रंगीबेरंगी कपड्यांत, वेणी उडत असलेला, पळणारा किंवा पायाशीं लोळणारा असतो. अपवाद नाहींत असें नव्हे. पराभवानंतर आत्महत्या करणारा चिनी नौसेनापति तिंग जु-चांग यास कांहीं चित्रांत गंभीर प्रतिष्ठेनें दाखविलें आहे. परंतु एकंदर तोल स्पष्ट आहे.

पोर्ट आर्थर घेतल्याचीं विजयचित्रें पुष्कळ निघालीं. ठाणें पडल्यावर त्याच जागीं निःशस्त्र रहिवाशांची जी कत्तल झाली, ती अमेरिकन बातमीदार जेम्स क्रीलमन प्रभृतींच्या पत्रांवरून जगास कळली. विजयचित्रांत तिला स्थान नव्हतें. प्रकाशकास विक्रीची व सरकारी तपासणीची दुहेरी चिंता होती, हें त्याचें कारण. परंतु कारण समजलें म्हणून उणीव भरून येत नाहीं. सुंदर पान हातीं धरून त्यांतील बर्फ व चंद्रप्रकाश यांची वाखाणणी करणारानें, त्या चौकटीबाहेर कोण पडलें होतें, हें विसरूं नये. कलेचा गुण व साक्षीचा गुण हे दोन निराळे आहेत.

१९०४-०५ च्या रूस-जपान युद्धांतहि अशीं चित्रें निघालीं, परंतु छायाचित्रें व शिळाप्रेसवरील चित्रें यांपुढें त्यांचा निभाव लागला नाहीं, व हा धंदा ओसरला. आज या पानांचे मोठे संग्रह अमेरिकेंत बॉस्टन व सेंट लुई येथील कलासंग्रहालयांत पाहावयास मिळतात.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, समास कापूं नये. बंधाईच्या सोयीकरितां किंवा चौकटींत बसविण्याकरितां कडा कापलेलीं पानें वारंवार आढळतात. त्यांत चित्र शिल्लक राहतें, पण तारीख, प्रकाशक व पत्ता, म्हणजे साक्षीदाराची सगळी ओळख, नाहींशी होते. मोडी कागदाचा शिक्कामोर्तब कातरून टाकण्यासारखेंच हें आहे. दुसरी, तिन्ही पानें एकत्र ठेवावीं. सुटें पान अर्धवट वाक्यासारखें असतें. तिसरी, टांचण करतांना प्रसंगाची तारीख व छपाईची तारीख हीं दोन निरनिराळ्या रकान्यांत लिहावीं. या दोन तारखांमधील अंतरांतच बातमी कशी आली, अफवा कोणती शिरली व सरकारास काय हवें होतें, हें सर्व दडलेलें असतें.

असें केल्यास हीं चित्रें लढाईचीं नसलीं तरी लढाईच्या बातमीचीं, आणि दरबाराचीं नसलीं तरी दरबाराविषयींच्या लोकभावनेचीं विश्वसनीय साधनें ठरतील. त्यांजकडून याहून अधिक मागूं नये. परंतु याहून कमीहि मानूं नये.