धरणं सोपं, सोडणं अवघड

डिस्क ब्रेकचा इतिहास बहुतेक वेळा 1953 च्या ल मां शर्यतीपासून सांगितला जातो. त्या वर्षी टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार सी-टाइप चोवीस तास पळवली, ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरी राखून शर्यत जिंकली आणि ड्रम ब्रेकचे दिवस भरले, अशी ती कथा. ती खरी आहे, पण अर्धीच. फिरत्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की चाक थांबतं, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं. रेंगाळले ते दुसरेच दोन प्रश्न: धरताना किंचाळू नये आणि पाय काढला की पकड सुटावी. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीत आज ज्या तक्रारी येतात, त्या केवळ वयोमानाच्या नाहीत. त्या या ब्रेकच्या रचनेतच आहेत.

इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने 1902 मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याने चकतीवर तांब्याचे जबडे आवळले. धातूवर धातू घासल्याने कानठळ्या बसत आणि धुळीच्या रस्त्यांवर जबडे झरझर झिजत. ब्रेकची अस्तरं बनवणाऱ्या फेरोडो कंपनीचा संस्थापक हर्बर्ट फ्रूड याने नंतर अॅस्बेस्टॉसचं अस्तर आणलं, तेव्हा हा आवाज आटोक्यात येण्याची वाट दिसली. दुसऱ्या प्रश्नाचा पुरावा अमेरिकेत मिळतो. क्रॉसली कंपनीने 1949 मध्ये आपल्या छोट्या गाड्यांना डिस्क ब्रेक दिले. ते थांबवत उत्तम, पण हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने गंज चढे आणि ब्रेक जाम होत. वर्षभरातच कंपनी पुन्हा ड्रमकडे वळली.

यावर हरकत घेता येईल की ड्रम ब्रेकही किंचाळत. त्या आवाजावरचा एच. आर. मिल्स यांचा अभ्यास 1938 चा आहे. हे मान्यच करायला हवं. पण सोडण्याच्या बाबतीत दोन्हींत मूलभूत फरक आहे. ड्रममध्ये दणकट स्प्रिंग ब्रेक शूंना मागे खेचून घेतात. डिस्कमध्ये तसं काही नाही. डनलॉपच्या सुरुवातीच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे चकतीला धरणाऱ्या चिमट्यात, पिस्टनला किंचित मागे ओढणारी खास पिन होती; नंतरच्या कॅलिपरांनी तीही काढली आणि ते काम रबरी सीलवर सोपवलं. दाबाने पिस्टन पुढे जाताना चौकोनी छेदाचं हे सील जरासं पिळतं आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. सगळी भिस्त त्या केसभर अंतरावर. पिस्टनवर गंजाचा पापुद्रा आला, सील फुगलं किंवा ब्रेकचा होज आतून सुजून तेल परत येऊ देईना, की चाक तापू लागतं. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून हा गंज आतूनही चढतो. पुढच्या चाकांना डिस्क असलेली सिट्रोएन डीएस 1955 मध्ये आली. तिच्या हायड्रॉलिक यंत्रणेत ओलावा धरणारं तेल सोडून 1966 पासून खनिज तेल वापरलं गेलं, तेही याच कारणाने.

दुसरी हरकत अशी की डिस्कच्या प्रसाराला उशीर झाला तो गाड्यांचा वेग आणि वजन कमी असल्यामुळे. हेही खरं कारण आहे. मात्र शर्यतीतला विजय म्हणजे आवाजाचा आणि पकड सुटण्याचा प्रश्न मिटल्याचा पुरावा नव्हे. शर्यतीची गाडी दर फेरीला कसून ब्रेक लावते आणि नंतर उघडून साफ होते. तिथे आवाजाची फिकीर कोणाला? घरची गाडी पावसात उभी राहते, महिनोन्‌महिने हलत नाही. 1956 मध्ये ट्रायम्फ टीआर 3 पुढच्या चाकांना गर्लिंगचे डिस्क घेऊन ग्राहकांच्या हाती गेली, तेव्हा तिचीही हीच खरी कसोटी सुरू झाली.

ही पार्श्वभूमी दुरुस्तीची दिशा बदलते. किंचाळणाऱ्या ब्रेकचे पॅड बदलून मोकळं होणं ही जुनी रीत. पण 1961 च्या सुमारास आर. टी. स्पर यांनी मांडलं की आवाजाचं मूळ नुसत्या घर्षणात नसून पॅड कोणत्या कोनात टेकतो यातही असतं. म्हणजे अडकलेला पिस्टन, तिरका झिजलेला पॅड आणि किंचाळी ही बहुधा एकाच बिघाडाची तीन रूपं असतात. शिवाय ब्रिटनने 1999 मध्ये अॅस्बेस्टॉसवर बंदी घातल्यावर जुन्या गाड्यांच्या कॅलिपरला आज वेगळ्याच मिश्रणाचे पॅड बसतात. आवाज बदलला तर नवल नाही. म्हणून आधी कॅलिपर उघडावा, पिस्टन आणि सील पाहावेत, होज तपासावा, त्या गाडीला कोणतं तेल चालतं याची खात्री करावी. जुन्या पॅडच्या भुकटीत मात्र अॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. पॅडची पाळी यानंतर येते.