माटुंग्याचा दिवा

गोबरगॅसचा इतिहास लिहितांना पुष्कळ ग्रंथकार एक वाक्य डोळे मिटून उतरून घेतात : १८५९ सालीं मुंबईच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतींत मैल्यापासून गॅस काढण्यांत आला. वसाहत खरी, गॅसही खरा. साल मात्र खोटें. माटुंग्याचा तो आश्रम म्युनिसिपल कमिशनर ॲक्वर्थ यांच्या खटपटीनें १८९० सालीं उघडला. जें घर उभेंच नव्हतें त्यांत एकतीस वर्षें आधीं दिवा कोठून लागणार? विश्वसनीय साल १८९७ हें होय.

आश्रम दाट वस्तीपासून दूर. मैल्याची विल्हेवाट जागच्या जागींच लावणें भाग होतें. इंग्लंडांत एक्झिटर येथें डोनल्ड कॅमेरॉन यांनीं १८९५ च्या सुमारास मैलापाण्यासाठीं बंद हौद बांधला होता व त्यांतील वायूवर दिवेही लाविले होते. माटुंग्यासही तीच वाट धरली गेली. तेथील वायु दिव्यांस, आणि पुढें इंजिनासही उपयोगीं पडला.

बंद हौदांत हवेचा शिरकाव नसतो. तेथें कांहीं जंतु मैल्यांतील घट्ट द्रव्यें फोडून विरघळवितात, कांहीं त्यांचीं आम्लें बनवितात, आणि शेवटच्या पंक्तीस बसणारे जीव मिथेन वायु सोडतात. हे शेवटचे जीव बॅक्टेरिया नव्हेतच, त्यांचें कूळ निराळें, हें कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनीं १९७७ सालीं दाखविलें. म्हणजे माटुंग्याचा दिवा पेटला तो पेटविणाऱ्याची जात कळण्यापूर्वी ऐंशी वर्षें!

कुष्ठरोगाचा जंतु हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधला होता. त्या एका जंतूमुळें ज्यांस समाजानें दूर लोटलें, त्यांच्याच मैल्यावर दुसरे जंतु उजेड देत होते. १८९८ च्या कायद्यानें तर निर्धन कुष्ठरोग्यांस कोंडून ठेवण्याची मुभाच दिली. गॅसच्या इतिहासांत हौदाचा उल्लेख येतो, पण तो भरणाऱ्या माणसांचा येतो तो केवळ ‘वसाहत’ या एका शब्दानें.

पुढें खेड्यांत हा वायु आला तो शेणाच्या रूपानें. जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टोपणाच्या ‘ग्रामलक्ष्मी’ यंत्राचा नमुना खादी ग्रामोद्योग आयोगानें १९६२ पासून गांवोगांव नेला. जंतूंना शेण आणि मैला दोन्ही सारखींच; परंतु त्याच टाकीस शौचकूप जोडावयाचा म्हटला कीं, अनेक घरें त्या गॅसवर भाकरी भाजण्यास कचरत.