बैल, बस आणि मोबाईल : चालकाच्या लक्षाचा इतिहास

गाडी चालवता चालवता शेंगा सोलणाऱ्या, पाण्याची बाटली उघडणाऱ्या किंवा मोबाईल कानाला लावणाऱ्या माणसाला पोलिसांनी दंड करावा का? नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाताना हे सगळे प्रकार पाहायला मिळतात. प्रश्न पोलिसांचा वाटतो. पण लक्ष म्हणजे काय, आणि दुसऱ्याचे लक्ष कुठे आहे हे आपल्याला कसे कळते, हे प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत. त्यांचा इतिहास मोटारीपेक्षाही जुना आहे.

१८६० सालचे भारतीय दंड विधान तयार झाले तेव्हा रस्त्यावर मोटार नव्हती. तरीही त्याच्या कलम २७९ मध्ये माणसांच्या जिवाला धोका होईल इतक्या बेदरकारपणे किंवा हयगयीने सार्वजनिक रस्त्यावर वाहन हाकणे हा गुन्हा ठरवला होता. हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. नांदेड-लातूरचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. या कलमाची गंमत अशी, की हाकणारा काय करत होता हे ते विचारत नाही. वाहन कसे चालले होते एवढेच विचारते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही हीच कल्पना कायम आहे.

बैलगाडीच्या काळात एवढे पुरेसे होते. बाजाराहून परतताना गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल ओळखीची वाट सोडत नाहीत, खड्डा दिसला की बिचकतात, समोर माणूस आला की थबकतात. म्हणजे गाडीत लक्ष देणारे तिघे असतात, एक माणूस आणि दोन बैल. शिवाय वेग ताशी चार किलोमीटर. दोन सेकंद नजर हटली तर गाडी जेमतेम सव्वादोन मीटर पुढे जाते.

जून १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्तावाहतूक सुरू केली. बसला डोळे नसतात. बैलांच्या वाट्याचे लक्षही आता चालकालाच द्यावे लागले, आणि तेही कितीतरी अधिक वेगाने. ताशी ६० किलोमीटरने जाणारी बस दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर कापते. एकामागे एक उभ्या केलेल्या तीन एसटी बसगाड्यांची लांबी साधारण एवढीच भरेल.

माणसाचे लक्ष किती ताणले जाऊ शकते, या प्रश्नाची सुरुवात रस्त्यावर नव्हे, वेधशाळेत झाली. ग्रीनिच येथे तारा दुर्बिणीतील तारेवरून सरकण्याचा क्षण नोंदवताना निरीक्षकाला डोळ्याने तारा पाहायचा आणि कानाने घड्याळाचे ठोके ऐकायचे, अशी दोन कामे एकदम करावी लागत. राजज्योतिषी मॅस्केलिन आणि त्यांचा मदतनीस किनब्रुक यांच्या नोंदींत सेकंदाच्या आठ दशांशांइतका फरक पडू लागला. १७९६ मध्ये किनब्रुकची नोकरी गेली. पुढे जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी दाखवले, की निष्णात निरीक्षकांच्या नोंदींतही असा फरक पडतोच. १८५० मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश जायला लागणारा वेळ मोजला. १८६८ मध्ये डॉन्डर्स यांनी मोजून दाखवले, की निवड करावी लागली तर प्रतिसादाला आणखी वेळ लागतो. विचाराला वेळ लागतो, हे आता घड्याळाने सिद्ध झाले होते.

विसाव्या शतकात हे मोजमाप रस्त्यावर आले. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉन सेंडर्स यांनी चालकाच्या डोळ्यांवर ठरावीक वेळाने झडप पडेल असे शिरस्त्राण वापरून प्रयोग केले. वेग वाढला, की चालकाला अधिक वेळा रस्ता पाहावा लागतो, असे त्यांना दिसले. १९६९ मध्ये ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये गाडीतून टेलिफोनवर बोलणाऱ्या चालकांची चाचणी घेतली. सुकाणू धरण्यात फारसा फरक पडला नाही. मात्र समोरच्या फटीतून गाडी जाईल की नाही, हा अंदाज चुकू लागला. सरावाचे काम हात करत राहतात, निर्णय बिघडतो. म्हणूनच ‘मी कितीदा बोलत बोलत गाडी चालवली, काही झाले नाही’ हा अनुभव फसवा असतो. अष्टावधानी माणसाचे आपल्याला कौतुक असते. पण त्याची बैठक ताशी ६० किलोमीटरने धावत नसते.

१९९७ साली टोरांटोतील ६९९ चालकांच्या अभ्यासातून दिसले, की फोनवर बोलताना टक्कर होण्याची शक्यता सुमारे चौपट होते, आणि फोन हातात न धरता बोलल्याने ती कमी झाल्याचे आढळले नाही. मग शेजारच्या प्रवाशाशी बोलणे? तो रस्ता पाहत असतो. वळण आले, म्हैस आडवी आली, की तो गप्प होतो किंवा ओरडतो. बैलांचे काम थोडेफार तो करतो. फोनवरच्या माणसाला रस्ताच दिसत नसतो.

कायदा या ज्ञानापर्यंत अडखळत आला. मे २०१८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले, की लोकांना धोका झाला नसेल तर गाडी चालवताना नुसते फोनवर बोलणे हा तेथील पोलिस कायद्याखाली गुन्हा होत नाही. ही १८६० चीच दृष्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हातात धरलेले संपर्क-उपकरण वापरणे हे धोकादायक चालवण्याचे उदाहरण म्हणून कलम १८४ मध्ये आले. शिक्षा पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून लक्ष विचलित होणार नसेल तर केवळ मार्ग पाहण्यासाठी मोबाईल वापरण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात वाढीव दंड डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आले.

मग दंड कशाला करावा? माझ्या मते दोन कसोट्या लावाव्यात. त्या कृतीने नजर रस्त्यावरून हटते का, आणि ती बाहेरून निर्विवाद दिसते का? मार्च २०२५ मध्ये दादर-स्वारगेट ई-शिवनेरीचा चालक मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत होता. एका प्रवाशाने त्याचे चित्रण केले आणि चालकाची नोकरी गेली. तिथे दोन्ही कसोट्या पुऱ्या होतात. पण ‘तुझे लक्ष नव्हते’ एवढ्यावर पावती फाडण्याचा अधिकार दिला, तर शेंगा खाणारा, घाम पुसणारा, कोणीही त्यात सापडेल, आणि मनातल्या लक्षाचा निवाडा चौकातल्या शिपायाच्या मर्जीवर जाईल. अशा वेळी वाहन प्रत्यक्ष वेडेवाकडे चालले असेल तर जुने कलम आहेच. हात मोकळे ठेवून चाललेले फोनवरचे बोलणे मात्र दंडाच्या आवाक्याबाहेर राहते. तिथे समजूतच उपयोगी पडेल.

ती वर्गात देता येईल. एका मुलाने पट्टी शून्याचे टोक खाली धरून उभी लटकवावी. दुसऱ्याने त्या टोकापाशी चिमूट उघडी ठेवावी आणि पट्टी सुटताच पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडली तर सुमारे ०.२ सेकंद लागले. आता पकडणाऱ्याला सतराचा पाढा उलटा म्हणायला लावून तोच प्रयोग दहा वेळा करा. दोन्ही सरासऱ्यांतील फरकाला १६.७ ने गुणले, की ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात किती मीटर पुढे जाईल ते मिळेल. ते अंतर मुलांना शाळेच्या मैदानावर आखून पाहू द्या.