ऑर्डनन्स आणि ऑर्डिनन्स

अमक्या शेतात न फुटलेला जुना 'ऑर्डिनन्स' सापडला, अशी बातमी इंग्रजी वृत्तपत्रांतून अधूनमधून वाचावयास मिळते. शब्दशः अर्थ घ्यावयाचा तर नांगराच्या फाळाला राष्ट्रपतींचा अध्यादेश लागला, असे म्हणावे लागेल! लिहिणाराला अभिप्रेत असतो 'ऑर्डनन्स'. म्हणजे तोफा, दारूगोळा, युद्धसाहित्य. फरक केवळ 'आय' या एका अक्षराचा. तथापि चुकणाराला हसण्यापूर्वी हे ध्यानी घेतले पाहिजे की, हे दोन्ही शब्द मुळात एकच होते.

लॅटिनमधील 'नीट लावणे, व्यवस्था करणे' या अर्थाच्या धातूपासून जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. राजाने लावून दिलेली व्यवस्था म्हणजे त्याचा हुकूम. आणि युद्धासाठी केलेली सिद्धता हीही व्यवस्थाच. पुढे सिद्धतेवरून तो शब्द सिद्धतेच्या सामानावर, विशेषतः तोफांवर, येऊन बसला. दीर्घकाळ दोन्ही अर्थांना दोन्ही रूपे चालत. आखूड रूप युद्धसामग्रीकडे आणि लांब रूप हुकुमाकडे, ही वाटणी सतराव्या शतकात स्थिरावली. त्यापूर्वीच्या कागदांत उलटसुलट लेखन आढळले, तर ते चूक मानण्याचे कारण नाही. फ्रेंचांनी तर अशी वाटणी केलीच नाही. त्यांच्याकडे सरकारी फर्मानही 'ऑर्डोनान्स' आणि वैद्याने लिहून दिलेली औषधाची चिठ्ठीही 'ऑर्डोनान्स'!

इंग्लंडात तोफा, दारू व किल्ले यांचा कारभार लंडनच्या टॉवरमधील 'बोर्ड ऑफ ऑर्डनन्स' पाहत असे. फ्रेंच स्वारीच्या धास्तीने दक्षिण किनाऱ्याचे नकाशे हवे झाले, तेव्हा १७९१ मध्ये ते कामही याच मंडळाने अंगावर घेतले. पहिला नकाशा, केंट परगण्याचा, १८०१ मध्ये निघाला. क्रिमियाच्या युद्धातील गोंधळानंतर १८५५ मध्ये ते मंडळ मोडले. परंतु ब्रिटनचे नकाशाखाते आजही 'ऑर्डनन्स सर्व्हे' याच नावाने चालते. तेथे सहलीला निघालेला गृहस्थ खिशात 'ऑर्डनन्स' घालून हिंडतो, तो असा.

गोलंदाजांच्या परिभाषेत मात्र या शब्दाला फार काटेकोर अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध पंचवीस-पौंडी तोफेचे अधिकृत नावच 'ऑर्डनन्स' या शब्दाने सुरू होते. तेथे ऑर्डनन्स म्हणजे नळी आणि तिचा मागील बंद होणारा भाग, गाडा निराळा. व्यवहारात तो समूहवाचक शब्द असल्याने त्याचे सहसा अनेकवचन करीत नाहीत. एक नग सांगावयाचा तर 'पीस ऑफ ऑर्डनन्स' म्हणतात. आपल्याकडील 'जिन्सी' हा शब्दही असाच सामानावरून तोफखान्यावर गेलेला. मूळ 'जिन्नस', आणि इंदूर व ग्वाल्हेर येथील वस्त्यांच्या नावांत तो अद्याप टिकून आहे.

हिंदुस्थानात कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये कंपनीने १७७५ साली असे मंडळ नेमले. १८०१ मध्ये काशीपूरला तोफगाड्यांचा कारखाना निघाला, १८६९ मध्ये खडकीला दारूगोळ्याचा. २०२१ साली केंद्र सरकारने असे ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागण्याचे ठरविले. कामगार संघटनांनी बेमुदत संपाची घोषणा केली, आणि ३० जून रोजी संरक्षणविषयक अत्यावश्यक सेवांतील संपाला बंदी करणारा अध्यादेश निघाला. म्हणजे ऑर्डनन्स कारखान्यांवर ऑर्डिनन्स! त्या दिवसांत हे दोन्ही शब्द एकाच बातमीत शेजारी शेजारी छापावे लागत. खडकी, अंबरनाथ, भुसावळ येथील कामगाराला मात्र त्यांतील भेद कोशात पाहण्याची आवश्यकता नव्हती. एका शब्दावर त्याचे पोट होते आणि दुसऱ्याने त्याचा संप अडविला होता. ऑगस्टमध्ये त्या अध्यादेशाची जागा कायद्याने घेतली, आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी जुने ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित झाले.